केबल मुरायची आहे

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक कानसेन राहतात. त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्यावर, मी. त्यांची फरशी ते माझं छत, एवढ्याच नात्यावर मी गेली काही वर्षं शास्त्रीय संगीताचा नियमित श्रोता आहे.

मुलुंड पूर्व, मिठागर रोडची आतली गल्ली, इमारत सत्तरच्या दशकातली, लिफ्ट नाही. एके सकाळी चार हमाल दोन अवाढव्य लाकडी खोकी दोरखंडांनी बांधून जिन्यातून वर नेत होते. प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा रंग खोक्याला लागत होता. मागून साहेब ‘हळू, हळू, आत जीव आहे’ म्हणत चढत होते. साहेब राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. मला वाटलं, निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर तिजोरीही दिली की काय! निघाले स्पीकर. माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता म्हणा. प्रॉव्हिडंट फंड त्यातच होता.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण हा एकटा माणूस नव्हे, वाण आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर उभं राहून ‘केबलने फरक पडतो का हो?’ असं मोठ्याने विचारा. गर्दीतला एक तरी गृहस्थ गाडी सोडून थांबेल. वय साठीच्या पुढे, मुलगा न्यू जर्सीला नाहीतर बाणेरला, गुडघे कुरकुरणारे, आणि बोलण्यात एक हळवा अधिकार. आमच्या साहेबांचे कान दिसायला चारचौघांसारखेच आहेत. पण ते ‘माझे कान’ असं कधी म्हणत नाहीत. नुसतं ‘कान’ म्हणतात, आपण ‘देव’ म्हणतो तसं. ‘कानाला पटलं नाही.’ ‘कानाने कौल दिला.’ मला वाटतं, बँकेत कर्ज नामंजूर करतानाही ते स्वतः कधी नाही म्हणाले नसतील. ‘हेड ऑफिसला पटलं नाही’ म्हणाले असतील. हेड ऑफिस आता डोक्याच्या दोन बाजूंना आलं, एवढंच.

त्यांच्या दिवाणखान्यात पूर्वी सोफा होता. तो आवाज शोषतो म्हणून गेला. टीपॉय आवाज परत फेकतो म्हणून गेला. शोकेस थरथरते म्हणून गेली, लग्नातला फोटो काचेचा म्हणून आतल्या खोलीत गेला. आता तिथे एकच खुर्ची उरली आहे. दोन स्पीकर आणि ही खुर्ची मिळून समभुज त्रिकोण होतो, आणि त्याच्या शिरोबिंदूवर एकच डोकं मावतं. पाहुण्याने भिंतीला टेकून सतरंजीवर बसायचं. त्याने चुकून ‘वा!’ म्हटलं तर साहेब दयाबुद्धीने हसतात. ‘तिथून काय कळणार तुम्हाला? तिथे डावा तंबोरा पोचतच नाही.’ शिरोबिंदूवरून मात्र सगळी मैफल जागच्या जागी दिसते म्हणे. तबला गेलेल्या शोकेसच्या जागी, बुवा भिंतीच्या थोडे अलीकडे, आणि सारंगी फ्रिजच्या दीड फूट मागे. फ्रिजच्या दीड फूट मागे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे, हे मी एकदा निदर्शनास आणलं. ‘म्हणूनच सारंगीला तो ओलावा आहे,’ साहेब म्हणाले.

जमिनीवरून अंगठ्याएवढ्या जाड केबली जातात. त्या फरशीला टेकू नयेत म्हणून चिनी मातीचे छोटे चौरंग ठेवले आहेत, कारण फरशीची कंपनं केबलीत शिरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आज केबलींचं केळवण आहे आणि पाट मांडलेत.

केबलीबद्दल साहेबांचा सिद्धान्त असा, की ती लोणच्यासारखी मुरावी लागते. नवी केबल ‘बोचते’, ‘वर वर वाजते’. दोनशे तास वाजल्यावर ती मऊ पडते. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे तांबं मुरतं कसं, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. खोलात गेल्यावर कळलं ते इतकंच, की केबल आवडली म्हणजे मुरली आणि आवडली नाही म्हणजे मुरायची आहे. परत करण्याची मुदत तीस दिवसांची असते आणि मुरण्याचा योग नेमका एकतिसाव्या दिवशी येतो.

एक लाख वीस हजारांची जी केबल आहे ती तर गाणं नेतच नाही. ती भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेते. लांबी दीड मीटर. इमारतीच्या मीटरपासून चौथ्या मजल्यापर्यंत आलेली वायर सोसायटीच्या जन्मापासूनची आहे. तिच्यावरचं कापड उंदरांनी दोनदा खाल्लंय. भातसा धरणाचं पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन, महापालिकेच्या नळातून, आमच्या गंजक्या पाइपांतून, गळक्या टाकीतून घरात यावं आणि आपण नळाच्या तोंडाला तेवढी सोन्याची तोटी बसवावी, तसं हे झालं. हे उदाहरण मी वर्गात दिलं असतं तर मुलं हसली असती. साहेब हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, ‘तोटी शेवटची असते, मास्तर. शेवटचा संस्कार महत्त्वाचा.’

विजेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण मुंबईच्या उपनगरात राहण्याचा एक फायदा कानसेनांनीच शोधून काढला आहे. आम्हा मुलुंड-भांडुपवाल्यांना वीज महावितरणची. बोरिवली-अंधेरीला अदानीची, २०१८च्या ऑगस्टपर्यंत ती रिलायन्सची होती, त्याआधी बीएसईएसची. बाकीच्या जगाला यातून फक्त बिलाचा रंग वेगळा मिळतो. साहेबांना आवाज वेगळा मिळतो. त्यांचं म्हणणं, आपली वीज कोयनेची, पाण्याची, म्हणून आपल्याकडे तानेला ओल आहे. बोरिवलीची डहाणूच्या कोळशाची, म्हणून तिथे खर्जाला भट्टीचा पोत येतो. मी म्हटलं, साहेब, कोयना १,९६० मेगावॅटची, मान्य; डहाणूचं केंद्र ५०० मेगावॅटचं, तेही मान्य. पण चंद्रपूरचा कोळसाही महावितरणकडेच येतो. आणि ही सगळी वीज एकाच जाळ्यात पडते, तिच्यावर गावाचं नाव नसतं. शिवाय इलेक्ट्रॉन कोयनेहून निघून मुलुंडला उतरत नाही. तो आपल्याच भिंतीतला असतो आणि जागच्या जागी सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे डुलतो. साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. ‘म्हणजे घरचाच,’ ते म्हणाले, ‘म्हणूनच त्याच्यावर घराचे संस्कार होतात.’

याच विषयावरचं एक कात्रण त्यांनी प्लास्टिकमध्ये जपून ठेवलं आहे. २०१६ सालची बातमी. जपानमधल्या ऐंशी ओलांडलेल्या एका वकिलाने शेजाऱ्यांच्या यंत्रांनी मळलेली वीज नको म्हणून सुमारे दहा हजार डॉलर खर्चून स्वतःच्या आवारात स्वतःचा वेगळा विजेचा खांब रोवून घेतला. हे कात्रण घेऊन साहेब सोसायटीच्या वार्षिक सभेला आले होते. पाण्याच्या टाकीशेजारी एक खांब, स्वखर्चाने. अध्यक्षांनी विषयपत्रिकेवर बोट ठेवलं आणि ‘आधी गळती’ म्हणाले. साहेबांनी त्या दिवसापासून अध्यक्षांचा उल्लेख ‘टीव्हीच्या स्पीकरवर गाणं ऐकणारा माणूस’ असा सुरू केला. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही.

रविवारी चौघांची बैठक असते. आमचे साहेब, घाटकोपरचे शेठ, अंधेरीचे डॉक्टर आणि बोरिवलीचे भाऊ. दर खेपेला एकाच्या घरी. बाकीचे तिघे आपापली एखादी केबल, एखादा व्हॉल्व्ह, लहान बाळासारखा टॉवेलात गुंडाळून घेऊन जातात. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवरच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की साहेब केबल छातीशी धरतात आणि स्वतः आदळतात. मला दोनदा नेलं होतं. घाटकोपरच्या शेठनी खास खोली बांधून घेतली आहे; भिंतींना गाद्या, छताला लाकडी ठोकळे. फक्त विमानतळावर उतरणारी विमानं नेमकी त्यांच्या गच्चीवरून जातात. विलंबित ख्याल सुरू, बुवा समेच्या जवळ आलेत, आणि वरून एक एअरबस उतरते. चौघेही डोळे मिटून थांबतात. ती गेल्यावर शेठ हलकेच म्हणतात, ‘खर्ज ऐकला?’ अंधेरीच्या डॉक्टरांच्या खिडकीसमोरून २०१४पासून मेट्रो जाते. बोरिवलीच्या भाऊंकडे एरवी शांतता, पण नवरात्रात नऊ दिवस गरबा, त्यामुळे ते नऊ दिवस सिस्टीमचे सोवळ्याचे.

आणि आमच्या मुलुंडचं विचारूच नका. माझ्या नातवाच्या फोनवर आवाज मोजायचं ॲप आहे. साहेबांच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून, सगळं शांत असताना आम्ही मोजलं, तर आकडा ४५ डेसिबलच्या खाली येईना. पंखा, पाण्याचा पंप, फलाटावर येणारी जलद लोकल. सरकारी नियमाप्रमाणे वस्तीत रात्रीची मर्यादाच ४५ आहे, म्हणजे आम्ही कायद्याच्या दृष्टीने शांतच. आता गणित बघा. साधी सीडी, जिला साहेब ‘डबा’ म्हणतात, ती बारीकात बारीक आणि मोठ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवू शकते. ते पुरेपूर भोगायचं तर तळाच्या ४५वर ९६ चढवायचे: १४१. त्या आवाजात माणूस राग ओळखत नाही, दवाखाना शोधतो. आणि साहेबांचं नवं यंत्र १२० डेसिबलचं अंतर देतं. पंखा बंद करू म्हणता? मे महिन्यात मुलुंडला?

डबा तरी कसला वाईट! १९८२ साली बाजारात आला तेव्हा वीस हजार कंपनांपर्यंतचं सगळं त्यात मावेल असं गणित करूनच त्याची मापं ठरवली होती. माणसाचं ऐकणं तिथेच संपतं, तेही विशीत. साहेब सत्तरीचे आहेत. त्या वयात बारा हजारांवरचं ऐकू आलं तरी नशीब. त्यांच्या स्पीकरच्या डोक्यावर चाळीस हजारांपर्यंत वाजणारी एक लहानशी टोपी बसवली आहे. ती खरंच वाजत असेल तर तिचा खरा रसिक म्हणजे खालच्या कंपाउंडमधली मांजर.

एकदा त्यांना दडे बसले. कानाच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत दोन्ही कानांतला मळ काढला आणि पाचशे रुपये घेतले. योगायोगाने त्याच संध्याकाळी एक नवी केबल आली होती. साहेब भारावून गेले. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय, म्हणाले. पडदा बाजूला झाला होता यात शंका नव्हती. श्रेय मात्र केबलीला मिळालं, पंचाऐंशी हजारांच्या हिशेबाने.

मी संशयी आहे म्हणून साहेब मला टाळत नाहीत. उलट मी त्यांना हवा असतो, कीर्तनकाराला पूर्वपक्ष लागतो तसा. म्हणून एकदा धीर करून मी परीक्षेचा विषय काढला. २००७ साली अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी ‘पेअर अंजू’ नावाची सव्वासात हजार डॉलरची स्पीकरची केबल आणि बाजारातली नेहमीची केबल यांतला फरक न बघता ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. बरीच भवति न भवति झाली, परीक्षा काही झाली नाही, दहा लाख रँडींकडेच राहिले. त्याच वर्षी मेयर आणि मोरान या दोघा अमेरिकनांनी आणखी बारीक काम केलं. महागडा उच्च दर्जाचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून श्रोत्यांना ऐकवला आणि ओळखा म्हणाले. ५५४ वेळा विचारलं. २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर साधारण २७७ आली असती.

साहेब तयार झाले, याचं मला आजही कौतुक वाटतं. स्पीकरमागे चादर टांगली. चादरीमागे मी, माझ्याकडे त्यांची मोठी केबल आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली मीटरला चाळीस रुपयेवाली वायर. रुपयाचं नाणं उडवून ठरवायचं कोणती जोडायची. बारा खेपा. साहेबांनी पाच बरोबर सांगितल्या. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला, पाणी प्यायले, आणि शांतपणे म्हणाले की संशयी माणूस खोलीत असला की आवाज मिटतो. लाजाळूच्या झाडासारखा. यावर काय बोलणार? मी घरी आलो. छत गात होतं.

तशीच गोष्ट त्या अमेरिकन तबकड्यांची. ‘मोबाइल फिडेलिटी’ या कंपनीच्या एल.पी. म्हणजे मूळ फितीवरून थेट, मध्ये संगणकाचा विटाळ नाही, अशी सगळ्या कानसेन जगाची श्रद्धा. साहेबही सुईखाली ती ठेवली की म्हणायचे, ‘ऐकताय ना? कुठे आकडा नाही.’ २०२२मध्ये उघड झालं, की मधल्या कित्येक वर्षांच्या तबकड्यांना वाटेत एक डिजिटल पायरी होती. जगभरच्या एकाही सोनेरी कानाला ती लागली नव्हती. मी अर्थात ही बातमी घेऊन लगेच वर गेलो. साहेब म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’

आता वहिनींकडे वळतो. इतका वेळ त्या आल्या नाहीत, कारण त्या स्वयंपाकघरात होत्या आणि स्वयंपाकघर त्रिकोणाच्या बाहेर आहे. वहिनींचं गाणं विशारदच्या पहिल्या वर्षापर्यंत झालं, मग लग्न झालं, मग भांडुपच्या शाळेत संगीत शिक्षिका म्हणून त्यांनी सत्तावीस वर्षं पोरांकडून समूहगीतं बसवून घेतली. आता संध्याकाळी भाजी फोडणीला टाकून त्या फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावतात, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवतात आणि अर्धा तास गातात. ॲप फुकट आहे. फोन मुलाने वापरून टाकलेला आहे. आणि आवाज, माझ्यासारख्या औरंगजेबाने सांगायला हरकत नसेल तर, सुरेख आहे. साहेबांच्या मते तो मैफलीच्या उजव्या बाजूला ‘घुसतो’, म्हणून मधलं दार लावून घेतात.

त्या दोघांमध्ये एक जुनी तबकडी आहे. एका थोर बुवांचा भूप. साखरपुडा झाल्यावर साहेबांनी पहिल्या पगारातून घेतलेल्या एचएमव्हीच्या फिएस्टावर, तोच तो झाकणात स्पीकर असलेला पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर, वहिनींना हीच तबकडी ऐकवली होती. त्या दिवशी बुवा डावीकडे होते की उजवीकडे, हे दोघांनाही आठवत नाही. वहिनींना बंदिशीतली एक जागा आठवते आणि साहेबांना वहिनींच्या साडीचा रंग आठवतो. पुढे फिएस्टा गेला, मुसाफिरखान्यातून आणलेला जपानी डेक आला, तोही गेला, यंत्रांच्या चार पिढ्या झाल्या. तबकडी तीच.

गेल्या दिवाळीच्या आधी टर्नटेबलच्या मोटरवरची प्लास्टिकची पुली निघाली आणि पितळेची आली. मोटरवर ही एवढीशी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा जातो आणि पट्ट्याने तबकडीचं ताट फिरतं. परदेशात कुणी एक हौशी गृहस्थ लेथवर एकेक पुली हाताने कातून देतो. बावीस हजार. ती बसवली त्या संध्याकाळी साहेब जिना उतरून माझ्याकडे आले, धापा टाकत. ‘मास्तर, तेज आलं हो! बुवा दहा वर्षांनी तरुण झाले! आणि लय... काय चढी लय वाटते आता!’

पुढे दोन महिने छतातून तरुण बुवा ऐकू येत राहिले. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला वर गेलो, तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवलं.

‘भाऊजी, तुम्ही विज्ञानाचे. रेकॉर्ड जुनी झाली की तिची पट्टी चढते का हो?’

‘चढते म्हणजे?’

‘ह्यांचा तो भूप पहिल्यापासून काळी एकचा. माझी काळी चार. म्हणजे माझा सा बरोबर त्यांच्या पंचमावर बसतो. इतकी वर्षं मी इकडे तंबोरा लावला आणि तिकडे बुवा सुरू झाले तरी मला कधी खुपलं नाही. दिवाळीपासून खुपतंय. मला वाटलं, माझाच गळा उतरला. दोन महिने मी मुकाट्याने ओंकार लावतेय.’

तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. तीन मिनिटांत बरोबर शंभर. यासाठी यंत्र लागत नाही, चिठ्ठी आणि घड्याळ लागतं. मी तबकडीच्या मधल्या कागदावर तिळगुळाच्या पुडीचा एक कपटा चिकटवला आणि वहिनींनी मोजायला सुरुवात केली. समूहगीतांची सवय, एकही आकडा घसरला नाही. साहेब खुर्चीत, घड्याळ माझ्या हातात. तीन मिनिटं झाली तेव्हा वहिनी एकशे सहावर होत्या.

शंभराचे एकशे सहा झाले की सूर बरोबर अर्धी पायरी चढतो. काळी एकची पांढरी दोन होते. वहिनींनी फोनवर पांढरी दोनचा तंबोरा लावून तबकडीशेजारी धरला, दुधात साखर. पितळी पुली प्लास्टिकच्या पुलीपेक्षा केसभर जाड होती, बस्स. बावीस मिनिटांची बाजू दोन महिने पावणेएकवीस मिनिटांत आटपत होती. दिवाणखान्यातली खुर्ची, चिनी मातीचे पाट, चाळीस हजारांची टोपी आणि कोयनेचं पाणी यांतलं काहीही ‘अहो, बुवा पळतायत’ असं म्हणालं नव्हतं. ते म्हणालं मिसळणाच्या डब्याला टेकलेल्या फुकट ॲपने. खरं तर ॲपनेही नाही.

साहेब प्रथम म्हणाले, कपट्याच्या वजनाने वेग वाढला असेल. वजनाने कमी होईल, असं मी म्हणताच त्यांनी दुसरा मोहरा पुढे केला: जुन्या जमान्यातल्या तबकड्या तरी कुठे नेमक्या ७८ वेगाला भरलेल्या असायच्या? मुद्दा खरा आहे. सुरुवातीच्या काळात वेग कमीजास्त असे आणि मुळातली पट्टी कोणती यावर संग्राहक अजून वाद घालतात. पण ही एल.पी. होती, आणि गेली चाळीसेक वर्षं वहिनींच्या षड्जाला धरून वाजत होती. मग मला राहवलं नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे साहेबांनीच मला दहादा सांगितलं होतं. ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, सोबत सुई. मी म्हटलं, साहेब, त्या तबकडीच्या झाकणावर शास्त्रज्ञांनी काय कोरलंय माहीत आहे? ती किती वेगाने फिरवायची ते. एका फेऱ्याला ३.६ सेकंद, तेही हायड्रोजनच्या अणूच्या मापात, म्हणजे परग्रहावरच्या माणसालाही केसरबाई चुकीच्या पट्टीत ऐकू येऊ नयेत. केबलीबद्दल त्यांनी एक अक्षर कोरलेलं नाही.

साहेबांची नजर दूर गेली. ‘कल्पना करा मास्तर,’ ते म्हणाले, ‘तिथे कंपनं नाहीत. शेजारी नाहीत. विजेची घाण नाही. आदर्श खोली.’

‘हवा पण नाही,’ मी म्हटलं. ‘आवाजच जाणार नाही.’

‘तेच म्हणतोय. पार्श्वभूमी किती काळी असेल!’

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी गुपचूप प्लास्टिकची पुली परत बसवली. मला कळलं, कारण छत काळी एकमध्ये आलं आणि स्वयंपाकघराच्या बाजूने वहिनींचा षड्ज बुवांच्या पंचमावर अलगद जाऊन बसला. तीन संध्याकाळी हे चाललं. त्या तीन संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. चौथ्या दिवशी साहेब भाजी आणताना भेटले, चेहरा ओढलेला. ‘ऐकतोय,’ म्हणाले, ‘पण बुवा थकलेत हो. जीव नाही. कानाने नाकारलं.’ संध्याकाळी पितळ परत चढलं.

वहिनींनी आपली काळी चार सोडलेली नाही. अर्धी पायरी चढलेल्या बुवांच्या हिशेबाने त्यांचा षड्ज आता तीव्र मध्यमावर पडतो. भूपाला मध्यम वर्ज्य. त्यामुळे रोज सात ते साडेसात, बंद दाराच्या एका बाजूला निर्मळ भूप आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कुशीत न मावणारा एक मध्यम, असे दोन्ही माझ्या छतातून एकदम उतरतात. मी खिडकी लावून पाहिली. छताला खिडकी नसते.

परवा साहेब गच्चीवर भेटले. खुशीत होते. म्हणाले, हल्ली भूपात एक वेगळीच खोली जाणवायला लागली आहे. पूर्वी कधी नव्हती. मागच्या बाजूने काहीतरी गूढ असं येतं, स्वयंपाकघराच्या अंगाने. पुली मुरायला लागली असावी.